भेट मिळालेलं झाकण

माझी एमजीबी, म्हणजे दोन आसनांची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी, १९६७ सालची. तिच्या पेट्रोलच्या दुखण्यापायी मी एका गॅरेजवाल्याला तीन महिने पोसलं. बिलांचा आकडा मी घरीसुद्धा सांगितलेला नाही, इथेही सांगणार नाही.

सुरुवात साध्या सर्व्हिसिंगने झाली. गाडी परत घेतली तेव्हा टाकीवर नवं कोरं, किल्लीचं झाकण होतं. "आमच्याकडून भेट, साहेब. जुन्याचं रबर गेलं होतं." मी खूश! पुढच्याच आठवड्यात दुखणं सुरू झालं. वीस-पंचवीस मिनिटं गाडी झकास पळायची, मग आचके द्यायची आणि बंद पडायची. पाव तास कडेला उभं राहिलं की पुन्हा सुरू, जणू काही झालंच नाही.

गॅरेजवाला म्हणाला, टाकीतून इंजिनाकडे पेट्रोल ढकलणारा विजेचा पंप गेला. नवा पंप, बिल. तरी तेच. मग म्हणाला, दोन्ही कार्बोरेटर (इंजिनाला पेट्रोल आणि हवा मिसळून देणारे भाग) ओव्हरहॉल करायला, म्हणजे पूर्ण खोलून दुरुस्त करायला हवेत. तेही केलं, पुन्हा बिल. प्रत्येक वेळी तो मला शेजारी बसवून पाच मिनिटांची चक्कर मारायचा. पाच मिनिटांत ही गाडी बंद पडतच नव्हती, हे मला ठाऊक होतं, तरी मी मान डोलवत पैसे मोजले. तिसऱ्या वेळी त्याने टाकीच बदलायची गोष्ट काढली, तेव्हा कुठे डोळे उघडले.

आधी कार्बोरेटर पाहिले. या एसयू कंपनीच्या कार्बोरेटरच्या फ्लोट चेंबरचं, म्हणजे पेट्रोल साठणाऱ्या कप्प्याचं झाकण तीन स्क्रूंवर असतं. तिन्ही स्क्रूंच्या खाचांत मळ घट्ट बसलेला. उघडलं तर तळाशी तांबूस गाळ, आणि गॅस्केट इतकं जुनं की हात लावताच तुकडे पडले. ओव्हरहॉल म्हणजे बाहेरून पेट्रोलने पुसणं, एवढंच झालं होतं.

मग गाडीखाली शिरलो. पंप मागे, बॅटरीजवळ असतो. काळ्या रंगाने चकाकत होता खरा, पण त्याच्या टोपीचा कोपरा काही वर्षांपूर्वी माझ्याच हातून फुटला होता आणि मी तो चिकटवला होता. रंगाखाली डिंकाचा तो फुगवटा जसाच्या तसा. माझाच पंप मला नवा म्हणून विकला होता! बदललेला सुटा भाग हातात आल्याशिवाय बिल चुकवायचं नाही, हे मला त्या दिवशी गाडीखाली उताणं पडून कळलं.

पण मग गाडी बंद का पडत होती? इंजिन गार असताना कार्बोरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडली आणि इग्निशन दिलं (अग्निशामक हाताशी ठेवून, हे उघड्यावरच करावं). टिकटिक करत पेट्रोलची धार जोरात आली. पंप ठणठणीत.

म्हणून मुद्दाम लांब गेलो आणि गाडी बंद पडू दिली. इग्निशन चालू ठेवून कान दिला, तर टिकटिक नाही. या पंपाचं गप्प बसणं दोन प्रकारचं असतं. कार्बोरेटर भरलेले असले की तो पॉइंट (वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) उघडे ठेवून थांबतो, तेव्हा वीज खात नाही आणि तापत नाही. पण टाकीकडून ओढायलाच काही मिळालं नाही तर पेट्रोल ओढणारा आतला पडदा अर्ध्यात अडकतो, पॉइंट मिटलेले राहतात, कॉइलमधून वीज वाहत राहते आणि पंप तापतो. हात लावून पाहिला. चांगलाच गरम. म्हणजे अडथळा पंपाच्या मागे, टाकीच्या बाजूला.

टाकीच्या झाकणाला किल्ली लावली आणि 'फुस्स्' करून हवा आत गेली. क्षणभराने पंप टिकटिकू लागला.

माझ्या गाडीच्या मूळ झाकणाला हवा आत घ्यायची सोय होती. पेट्रोल जितकं बाहेर जातं तितकी हवा आत यावी लागते. भेट मिळालेलं झाकण पक्कं बंद होतं. टाकीत पोकळी वाढायची, पंपाचा जोर संपायचा. उभं राहिलं की हवा कुठून तरी हळूहळू झिरपायची आणि गाडी पुन्हा चालायची. झाकण त्याने अज्ञानाने बसवलं असेल, तो संशयाचा फायदा मी देतो. रंगवलेल्या पंपाला मात्र तो देता येत नाही.

त्याच्याकडे जाऊन एवढंच म्हटलं, "माझा जुना पंप द्या."

"तो भंगारात गेला, साहेब."

"आणि जुनं झाकण?"

"तेही."

त्याला गाडीखाली वाकायला लावलं आणि डिंक दाखवला. पंपाचे पैसे त्याने निमूट परत केले, कार्बोरेटरचे मात्र "मजुरीचे आहेत" म्हणून दिले नाहीत. बरोबर जातीचं झाकण मिळेपर्यंत महिना गेला. तोवर ते भेटीचं झाकण काढून, घरी नेऊन, त्याला मी एक बारीक भोक पाडलं. गाडी त्यावर एकदाही बंद पडली नाही.