गुजरीतले टाकवाले: आधी देव विचारतात, मग चांदी काढतात

थोरले दीर जुन्या घरात राहिले, आम्ही उजळाईवाडीला आलो. मूळ देव थोरल्यांकडंच, म्हणून आमच्या देव्हाऱ्यासाठी नवे टाक, म्हणजे चांदीच्या पत्र्यावर उठवलेल्या देवांच्या छोट्या प्रतिमा, करायचे होते. आधी एका मोठ्या शोरूममध्ये विचारलं. त्यांनी ‘कुलदैवत सेट’ म्हणून तयार डबा पुढं केला. त्यात जोतिबाच नाही! आणि दुकान कोल्हापुरात!

मग सासूबाईंनी गुजरीतल्या या बोळात धाडलं. पाटी शोधत बसू नका, ठोकायचा आवाज येतो तिकडं वळा. टाक घडवणाऱ्या काकांचा पहिला प्रश्न, “वहिनी, गाव कुठलं? देव कोण कोण?” जोतिबा, यमाई, अंबाबाई, तुळजाभवानी, खंडोबा असं म्हटल्यावर ते थांबले. “आणि पूर्वजाचा टाक?” मला कुठं माहीत! तिथूनच सासूबाईंना फोन लावला. होता.

ठसे बघायला मिळाले हे मला सगळ्यात आवडलं. जोतिबाही घोड्यावर, खंडोबाही घोड्यावर. मला दोन्ही सारखेच दिसत होते. काकांनी नखानं दाखवलं: संगं म्हाळसा आणि घोड्याच्या पायाशी कुत्रं, तो खंडोबा. जोतिबाच्या चार हातांत खड्ग, डमरू, त्रिशूळ आणि अमृतपात्र. चांदीचा पातळ पत्रा ठशावर ठोकून मागं तांब्याचा पत्रा लावतात, कडा दुमडतात. आमच्या जोतिबाच्या मिशासुद्धा उठून दिसतात.

माझ्या पुढं एक धनगर आजोबा बिरोबाचा टाक न्यायला आलेले, मागं एक लिंगायत जोडपं. त्यांचाही पहिला देव जोतिबाच. तिघांच्या याद्या वेगळ्या, पण “चैत्राला डोंगरावर जाणार न्हवं?” हे काकांनी तिघांनाही विचारलं. शोरूमच्या डब्यात ही विचारपूस कुठून येणार?

तक्रारी आहेत. सांगितलेल्या तारखेला माल तयार नव्हता, उगाच हेलपाटा पडला. पावतीवर वजन आणि मजुरी वेगवेगळी मागून लिहून घ्यावी लागली, आपणहून देत नाहीत. एक तारा त्याचाच कापला, बाकी चार पक्के.

जोतिबाच्या डोंगरावर, वाडी रत्नागिरीला नेऊन देव भेटवून आणायचे असतील तर ऑर्डर लवकर द्या, चैत्र आणि नवरात्राच्या तोंडावर काका नवं काम घेत नाहीत. आणि गाडी बिंदू चौकातल्या पार्किंगला लावून चालत या, महाद्वार रोडला गाडी घालायच्या भानगडीत पडू नका.