कोपर ते मनगट: प्लास्टर करावं की प्लेट बसवावी?

हात मोडला की घरात पहिला प्रश्न असतो, हाड लवकर कशाने जुळेल? मला त्याआधी दुसरा प्रश्न विचारावासा वाटतो: तळहात पुन्हा पूर्ण उताणा-पालथा होईल का?

या भागात दोन हाडं असतात. करंगळीच्या बाजूची अल्ना बऱ्यापैकी सरळ. अंगठ्याच्या बाजूची रेडियस किंचित बाकदार, आणि ती अल्नाभोवती फिरते म्हणूनच कुलपात किल्ली फिरते. कोपरापाशी रेडियसचं डोकं कडीसारख्या अस्थिबंधात बसलेलं असतं, दोन्ही हाडांच्या मधे चिवट पडदा ताणलेला असतो आणि मनगटापाशी पुन्हा अस्थिबंध व कूर्चेची तिकोनी गादी. रेडियसचा बाक गेला तर हाड जुळूनही हात अडकतो.

म्हणून मोठ्या माणसाची दोन्ही हाडं मधोमध मोडून सरकली असतील, तर माझा कौल प्लेटला, म्हणजे शस्त्रक्रिया करून हाडावर स्क्रूने बसवलेल्या धातूच्या पट्टीला. प्लास्टर बाहेरून धरतं; आत स्नायू तुकड्यांना ओढत, पिळत राहतात. प्लेटने लांबी आणि बाक परत मिळतो, हालचालही लवकर सुरू होते. त्याबदल्यात भूल, जखम, जंतुसंसर्गाचा आणि नस दुखावण्याचा धोका पत्करावा लागतो. पुढे प्लेट काढली तर हाड पुन्हा मोडू शकतं. त्रास नसेल तर ती आतच राहू द्यावी.

एकटी अल्ना मधे मोडली आणि फारशी सरकली नसेल, तर प्लास्टर पुरतं. लहान मुलांचंही बहुतेक वेळा तसंच, कारण वाढतं हाड थोडा वाकडेपणा स्वतः सुधारतं. पीळ मात्र सुधारत नाही.

खरी द्विधा मनगटालगतच्या रेडियसची. पासष्टी ओलांडलेल्यांत वर्षभरानंतर दोन्ही उपचारांनी हाताचं काम जवळपास सारखंच चालतं, एक्स-रेत हाड थोडं वाकडं दिसलं तरी. तिथे मी साधारण 6 आठवड्यांचं प्लास्टर निवडेन. मात्र पहिले 2-3 आठवडे एक्स-रे चुकवू नयेत, बसवलेलं हाड याच काळात घसरतं. तरुण माणसाच्या सांध्याच्या पृष्ठभागात पायरी पडली असेल, तर प्लेट बरी.

एक हाड मोडलं आणि दुसऱ्याचा सांधा निखळला, असंही होतं. मोठ्यांत तिथे प्लास्टरवर विसंबू नये. एक्स-रेत कोपर आणि मनगट दोन्ही आलेत ना, हे विचाराच.

आणि प्लास्टरनंतर वेदना वाढतच गेली, बोटं सरळ करताना कळ आली किंवा बधिरपणा जाणवला, तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी दवाखाना गाठा.