फुकटचं क्यूइलेक्ट्रोटेक आणि आमचे मेस्त

गेलं दीड वर्ष आमच्या शेडमधली सगळी वायरिंगची ड्रॉइंगं मी क्यूइलेक्ट्रोटेक या फुकटच्या सॉफ्टवेअरवर काढते. त्याआधी नऊ वर्षं साध्या कॅडवर (संगणकावर नकाशे काढायच्या प्रोग्रामवर) रेघा मारल्या. गोव्यात कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमचं इलेक्ट्रिकल पॅनल बनवायचं काम चालतं. माणसं अकरा, त्यांत ड्रॉइंगला मी एकटी. पंपांचे स्टार्टर, पाणी शुद्ध करायच्या प्लांटची कंट्रोल पॅनलं, मधेच कुणाच्या बेकरीच्या भट्टीचा डबा, असलं सगळं. इतक्या लहान जागेत असलं सॉफ्टवेअर वापरून बघणाऱ्याने लिहिलेलं मला तेव्हा कुठेच वाचायला मिळालं नाही, म्हणून हे लिहितेय.

आधी आमचीच चूक सांगते. वेर्ण्याच्या एका औषध कारखान्याचं दोन दारांचं पॅनल होतं, ड्रॉइंगची पानं सव्वीस. कारखाना चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, बंद राहणार, तेवढ्यात आमचं पॅनल उभं करायचं, म्हणजे चवथीच्या आधी ते गेटबाहेर पडलंच पाहिजे. मी काय केलं, जुन्या कामाची फाइल उचलली, नाव बदललं, नको ते खोडलं, हवं ते चिकटवलं. सगळे तेच करतात. रात्री साडेआठला मेस्त, म्हणजे आमचे वायरिंग करणारे मिस्त्री, मीटर लावून कंटिन्युटी (कुठलं टोक कुठल्या टोकाला जोडलंय ते) बघत होते. जिथे बीप वाजायला नको तिथे वाजली. के१४ या रिलेचा (रिले म्हणजे कॉइलला वीज मिळाली की आतले कॉन्टॅक्ट उघडबंद करणारा स्विच) ११ आणि १४ नंबरच्या टोकांमधला, म्हणजे ११-१४ हा एकच कॉन्टॅक्ट मी नवव्या पानावर पंपाच्या ट्रिपला दिला होता आणि सतराव्या पानावर अलार्मच्या दिव्यालाही. मेस्तांनी कागदात होतं तसंच जोडलं होतं. ते मला फक्त एवढंच म्हणाले, "बाय, हें कोणें पिंतारलें?" म्हणजे, हे कोणी चितारलं?

ज्याने पॅनल वायर केलं नाही त्याला वाटेल, दोन वायरी हलवल्या की झालं. फेरूल (वायरीवरची नंबराची नळी) बदलायचा म्हणजे लग (वायरीच्या टोकाला दाबून बसवलेला धातूचा तुकडा) कापायचा. लग कापला की वायर आखूड होते, मग चॅनलचं झाकण काढून नवी वायर ओढायची. दुसऱ्या कॉन्टॅक्टवर जावं तर तोही एकविसाव्या पानावर वापरलेला. त्या रात्री माशेलची शेवटची बस गेली, शेठनी गाडीने घरी सोडलं आणि वाटेत एक शब्द बोलले नाहीत. ते बोलले असते तर बरं झालं असतं.

साध्या कॅडला के१४ म्हणजे एक चौकोन आणि शेजारी लिहिलेली अक्षरं. नवव्या पानावरचा के१४ आणि सतराव्या पानावरचा के१४ ही एकच वस्तू आहे हे त्याला कळायचं काही कारणच नाही. ते फक्त मला ठाऊक, आणि मी दमले की मलाही नाही.

चवथ झाल्यावर शेठनी एका मोठ्या पॅकेजचा डेमो ठेवला. नाव लिहीत नाही, कारण दोष त्यांचा नाही. सुंदर चीज होती. कपाट तीन मितींत फिरत होतं, वायरीची लांबी आपोआप निघत होती, ड्रिलिंगची भोकंसुद्धा. मग किमतीचा कागद आला. आमचा वर्षभराचा लग, फेरूल, ग्लँड आणि डिन रेलचा खर्च एकत्र केला तरी तो कागद वरच राहिला, आणि दर वर्षीचं नूतनीकरण वेगळं. महिन्याला चाळीस पॅनलं काढणाऱ्यांनी ते जरूर घ्यावं. आमची निघतात पाच, पावसाळ्यात तीन.

क्यूइलेक्ट्रोटेक आणलं शेठच्या मुलीने. ती फर्मागुडीला इंजिनिअरिंग शिकते. फुकट आहे, मुक्त परवान्याचं आहे, विंडोजवर चालतं, लिनक्सवर चालतं. ऑफिसातला चार जीबीचा लॅपटॉप, ज्यावर फक्त जीएसटीचं काम व्हायचं, त्यावरही ते कुरकुर न करता उघडलं. पहिला आठवडा मी त्याला नावं ठेवण्यात घालवला. कॅडची सवय हाताला असते. इथे आज्ञा टाइप करायच्या नसतात, डावीकडच्या झाडासारख्या यादीतून चिन्ह ओढून पानावर सोडायचं असतं. पानाला ते फोलिओ म्हणतात. दोन चिन्हांची टोकं समोरासमोर आली की मधली वायर आपणहून पडते. हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी ती वायर खोडून पुन्हा पाडून बघितली, चार-पाच वेळा.

खरी किंमत वसूल होते ती कॉइल आणि कॉन्टॅक्टच्या नात्यात. चिन्ह बनवतानाच सांगायचं असतं, हा मास्टर, हा स्लेव्ह. कॉइल मास्टर, कॉन्टॅक्ट स्लेव्ह. मग सतराव्या पानावर कॉन्टॅक्ट ठेवला की तो कुठल्या कॉइलचा ते यादीतून निवडायचं. लगेच कॉइलखाली छोटा तक्ता येतो, तिचे कॉन्टॅक्ट कुठल्या पानावर, कुठल्या रकान्यात आहेत त्याचा. उलट कॉन्टॅक्टजवळ कॉइलचा पत्ता येतो. पान पुढेमागे सरकवलं की पत्ते आपोआप बदलतात. के१४ चं के१५ केलं की सगळ्या पानांवर के१५ होतं. पूर्वी हे पत्ते मी हाताने लिहायचे, आणि मधे एक पान घातलं की शिमगा. आता ११-१४ दोनदा वापरला तर तक्त्यात दोन पत्ते समोर दिसतात. दिसतात, असंच म्हणते. ते ओरडून सांगत नाही, तक्ता वाचायचा आपणच.

हा मुद्दा जरा ताणते, कारण नवशिके इथेच फसतात. या सॉफ्टवेअरला वीज कळत नाही. मी मुद्दाम १५ किलोवॅटच्या मोटरचा स्टार-डेल्टा स्टार्टर काढला आणि स्टार व डेल्टा या दोन कॉन्टॅक्टरांमधलं (कॉन्टॅक्टर म्हणजे मोटरसाठीचा मोठा रिले) इंटरलॉक, म्हणजे एक चालू असताना दुसरा चालू होऊ न देणारी जोडणी, गाळलं. दोन्ही एकदम ओढले तर थेट शॉर्ट. त्याने मुकाट्याने पीडीएफ काढून दिली. मेन आणि डेल्टा कॉन्टॅक्टर मोटरच्या करंटच्या ५८ टक्क्यांवर निवडायचे, स्टारचा ३३ टक्क्यांवर, हाही हिशेब आपलाच. केबल किती स्क्वेअर मिलिमीटरची, ब्रेकर किती अँपिअरचा, काही विचारू नका. हे वहीतलं सुवाच्य अक्षर आहे, मास्तर नव्हे.

चिन्हांचा साठा प्रचंड आहे, हजारोंनी. पण तो युरोपच्या चालीचा. आम्ही नेहमी लावतो तो मल्टिफंक्शन मीटर त्यात नव्हता. एलिमेंट एडिटर उघडून स्वतः बनवला. पहिल्याला पाऊण तास लागला, कारण प्रत्येक टोकाला दिशा द्यावी लागते, उत्तर, दक्षिण, पूर्व, पश्चिम. वरच्या टोकाला चुकून दक्षिण दिली तर वायर मीटरच्या पोटातून आरपार निघते. दुसरं चिन्ह दहा मिनिटांत झालं. आता आमच्या स्वतःच्या कप्प्यात साठ-सत्तर चिन्हं आहेत आणि त्यांची प्रत मी दर शनिवारी पेनड्राइव्हवर घरी नेते. लॅपटॉप गेला तर सॉफ्टवेअर पुन्हा फुकट मिळेल, ही चिन्हं नाही मिळणार.

मूळ मंडळी फ्रान्समधली. मेनू इंग्रजीत येतात, पण बऱ्याच चिन्हांची नावं फ्रेंचच राहिली आहेत. शेठचे वडील दुपारी शेडमध्ये येऊन बसतात. ते लहानपणी पोर्तुगीज शाळेत गेलेले. माझ्या मागे उभं राहून त्यांनी वाचून दाखवलं: लाँप म्हणजे लांपाद, दिवा, काब्ल म्हणजे काबु, केबल. ब्रेकरला फ्रेंचमध्ये दिस्जाँक्तर म्हणतात तेही त्यांनी अंदाजाने बरोबर ओळखलं. १९६१ नंतर त्या भाषेचा इतका उपयोग त्यांना प्रथमच झाला म्हणे. नाहीतर चिन्हाचं चित्र बघून निवडा, नावाशी भांडू नका.

मटेरियलची यादी हा माझा दुसरा आवडता भाग आणि पहिला आळस. प्रत्येक वस्तूला माहितीचे खाने आहेत: वर्णन, बनवणारा, ऑर्डरचा नंबर. ते भरले की यादीचा तक्ता ड्रॉइंगच्याच पानावर येतो, नाहीतर एक्सेलमध्ये उघडेल अशी फाइल निघते. भरले नाहीत तर रिकामा तक्ता येतो, तोही छान चौकटीत. सुरुवातीला मी "नंतर भरू" म्हणत गेले आणि खरेदीला बसलेल्या मुलाने २४ व्होल्टच्या कॉइलऐवजी २३० ची मागवली. आता चिन्ह बनवतानाच नंबर भरून टाकते, म्हणजे ते चिन्ह ओढलं की नंबर बरोबर येतो.

टर्मिनलच्या पट्टीवर, म्हणजे बाहेरच्या वायरी जिथे जोडतात तिच्या ड्रॉइंगवर, मात्र मी नाराज आहे. पॅनलच्या बाहेरून येणाऱ्या केबलच्या माणसाला आतलं ड्रॉइंग नको असतं, त्याला हवी असते फक्त एक्स१ नावाची पट्टी: १ नंबरला आतून काय, बाहेरून काय, केबल कुठली, तिच्यातली कोर (आतली वायर) कुठली. आम्ही बसवलेल्या आवृत्तीत त्यासाठी वेगळा जोड-प्रोग्राम चालवावा लागतो, टर्मिनलची नावं ठरावीक पद्धतीनेच द्यावी लागतात, आणि पट्टी झाल्यावर मी एक वायर हलवली तर तो पुन्हा चालवायचा. केबलची यादी तर मी अजून एक्सेलमध्येच हाताने करते. म्हणजे दोन ठिकाणी तीच माहिती, म्हणजे पुन्हा तीच जुनी भीती.

सगळं काम एका फाइलीत राहतं. ती आतून साधा मजकूर असते, त्यामुळे उद्या हे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी आपलं काम कुलपात अडकणार नाही. पण दोन माणसांनी एकाच वेळी त्या फाइलीवर काम करायचं नाही. मी एकटी आहे म्हणून मला चालतं. शेठची मुलगी सुट्टीत मदतीला आली तेव्हा आम्ही भिंतीवर चिठ्ठी लावली होती: फाइल कोणाकडे आहे.

औषधवाल्यांकडे कागदाला पॅनलइतकंच वजन असतं. त्यांचा माणूस हँडओव्हरच्या दिवशी ड्रॉइंग हातात घेऊन प्रत्येक वायरीचा फेरूल वाचतो. शिवाय आयईसी ८१३४६ या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे नावं मागतो, बरोबरच्या चिन्हापुढे काम, अधिकच्या चिन्हापुढे जागा, उण्याच्या चिन्हापुढे वस्तू. त्यासाठीचे खाने इथे आहेत, नावं आपोआप पडायचे नियमही लावता येतात, पान, ओळ, रकाना धरून वायरीचा नंबर पडतो. फक्त नियम पहिल्या दिवशी लावा. मी एकदा अठरा पानं झाल्यावर लावले आणि रविवार गेला. शीर्षकाची पट्टी आपल्या मनासारखी बनते, देवनागरीही नीट उमटते. आता प्रत्येक पॅनलच्या पहिल्या पानावर ऑपरेटरसाठी चार ओळी मराठीत असतात.

एखाद-दोघं ड्रॉइंग करणारे असतील आणि पॅनलं साधारण आमच्यासारखी असतील तर डोळे मिटून घ्या. आधी एक जुनं, झालेलं पॅनल पूर्ण पुन्हा काढून बघा, गिऱ्हाइकाचं चालू काम त्यावर सुरू करू नका. तीन-चार जणांची टीम असेल, शेकड्यांनी टर्मिनल असतील, तर पैशांची सोय करा.

मेस्त पुढच्या मार्चला निवृत्त होतात. लॅपटॉपला ते अजून हात लावत नाहीत. मात्र पूर्वी ड्रॉइंग खिशात घडी घालून ठेवणारा माणूस आता ए३ चा प्रिंट हातात पडेपर्यंत वायरीचं बंडल उघडत नाही. "पयलीं कागद दी." काम करताना पेन्सिलने कॉइलखालच्या तक्त्यातला एकेक पत्ता टिकमार्क करतात, संध्याकाळी कागद माझ्या टेबलावर ठेवतात, आणि त्यावरून मी फाइल सुधारून पुढची रिव्हिजन काढते. काल आलेल्या कागदावर बारा टिकमार्क होते आणि एका ठिकाणी गोल काढून लिहिलं होतं, १४ नाय, २४.