केअर क्वालिटी कमिशनचे मनोरुग्ण वॉर्डांविषयीचे अहवाल: श्रेणीपेक्षा आतला मजकूर वाचावा

इंग्लंडमध्ये घरातील कोणाला मानसिक आजारासाठी रुग्णालयात दाखल करावे लागले, तर तो वॉर्ड कितपत सुरक्षित आहे हे तपासण्यासाठी बहुतेक जण आरोग्यसेवांची तपासणी करणाऱ्या आणि 2009 पासून कार्यरत असलेल्या केअर क्वालिटी कमिशनच्या, म्हणजेच सीक्यूसीच्या, संकेतस्थळाकडे वळतात. आमच्या कुटुंबावरही ती वेळ आली आणि तेव्हापासून मी हे अहवाल नियमितपणे वाचत आलो आहे. सेवा विनामूल्य आहे आणि रुग्णालयाचे नाव टाकताच अहवाल मिळतो. खाट जिथे रिकामी असेल तिथे रुग्णाला जावे लागते, त्यामुळे वॉर्ड निवडण्यासाठी अहवालाचा उपयोग क्वचितच होतो; वॉर्डाच्या व्यवस्थापकाला नेमके काय विचारावे, हे मात्र त्यातून चांगले कळते.

सुरक्षितता, परिणामकारकता, आस्था, रुग्णांच्या गरजांना प्रतिसाद आणि नेतृत्व या पाच निकषांवर 'आउटस्टँडिंग', 'गुड', 'रिक्वायर्स इम्प्रूव्हमेंट' किंवा 'इनॅडिक्वेट' अशी, उतरत्या क्रमाने, श्रेणी दिली जाते. संपूर्ण ट्रस्टची, म्हणजे अनेक रुग्णालये चालवणाऱ्या सरकारी आरोग्यसंस्थेची, एकत्रित श्रेणी सर्वांत ठळक दिसते आणि माझ्या मते तीच सर्वांत कमी उपयोगाची आहे. प्रौढांच्या तीव्र आजाराच्या वॉर्डांना वेगळी श्रेणी असते, आणि ट्रस्ट एकूण 'गुड' असतानाही याच वॉर्डांची सुरक्षितता त्याहून खालच्या श्रेणीत असू शकते. म्हणून थेट 'सेफ' या भागाकडे जावे. स्वतःला इजा करून घेता येईल अशा जागांची पाहणी झाली होती का, कर्मचाऱ्यांच्या नजरेआड राहणाऱ्या कोपऱ्यांचे काय केले, रात्रपाळीत किती परिचारिका एजन्सीकडून तात्पुरत्या आणलेल्या होत्या, रुग्णाला किती वेळा धरून ठेवावे लागले, शांत करण्यासाठी इंजेक्शन दिल्यानंतर त्याची नाडी आणि श्वास तपासल्याची नोंद आहे का, मनुष्यबळाअभावी ठरलेली बाहेर जाण्याची परवानगी रद्द झाली का, असे तपशील तिथे सापडतात. चांगल्या अहवालातील हा भाग इतका नेमका असतो की भेटीच्या वेळी विचारायच्या प्रश्नांची यादी आयती तयार होते.

अहवालाची तारीख मात्र आधी पाहावी. 2024 मध्ये डॉ. पेनी डॅश यांनी सीक्यूसीच्या कामाच्या घेतलेल्या स्वतंत्र आढाव्यात, सीक्यूसीला ज्या ठिकाणांची तपासणी करण्याचा अधिकार आहे त्यांपैकी सुमारे एक-पंचमांश ठिकाणांना कधीच श्रेणी मिळाली नसल्याचे आढळले. कित्येक वर्षांपूर्वीची 'गुड' श्रेणी दारावर लावलेली असली, तरी त्या काळातील व्यवस्थापक आणि कर्मचारी आज तिथे असतीलच असे नाही.

याहून गंभीर आक्षेप डरम परगण्यातील व्हॉर्ल्टन हॉलच्या प्रकरणातून येतो. अध्ययन-अक्षमता आणि स्वमग्नता असलेल्या प्रौढांच्या या रुग्णालयाला 2017 मध्ये 'गुड' श्रेणी मिळाली होती. 2019 मध्ये बीबीसीच्या छुप्या चित्रीकरणातून तेथील रुग्णांचा छळ उघड झाला. त्याआधी 2015 मध्ये एका निरीक्षकाने तिथल्या त्रुटी दाखवणारा अहवाल तयार केला होता, पण तो तेव्हा प्रसिद्धच झाला नाही. निरीक्षकांसमोर कर्मचारी सावधपणे वागतात हे उघड असल्यामुळे, ज्या अहवालात रुग्णांशी आणि नातेवाइकांशी झालेल्या बोलण्याचा पुरेसा उल्लेख नाही, त्यावर मी फारसा विश्वास ठेवत नाही.

1983 च्या मेंटल हेल्थ अ‍ॅक्टखाली सक्तीने दाखल केलेल्या रुग्णांसाठी सीक्यूसीची माणसे वेगळ्या भेटी देतात आणि रुग्णांशी एकांतात बोलतात. ही या सेवेची सर्वांत मोलाची बाजू आहे, पण प्रत्येक भेटीचा अहवाल सामान्य वाचकासाठी प्रसिद्ध होत नाही. त्यांचे सार वार्षिक अहवालात येते. आपल्याकडील 2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात नोंदणीकृत संस्थांची दर तीन वर्षांनी तपासणी करण्याची आणि त्यात स्थानिक समाजाचे प्रतिनिधी घेण्याची तरतूद आहे. सीक्यूसीने हा दुसरा भाग उचलण्यासारखा आहे.

तक्रारीच्या बाबतीत अपेक्षा मर्यादित ठेवावी. सक्तीने दाखल केलेल्या रुग्णांबाबत अधिकारांच्या वापराविषयीची तक्रार सीक्यूसी स्वतः हाताळते. उपचारांविषयीच्या इतर वैयक्तिक तक्रारी ती सोडवत नाही. एनएचएसच्या, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेच्या, बाबतीत अशा तक्रारी प्रथम ट्रस्टकडे आणि तिथे समाधान न झाल्यास ओम्बुड्समन या स्वतंत्र तक्रार-निवारकाकडे न्याव्या लागतात. तरीही सीक्यूसीच्या संकेतस्थळावर अनुभव जरूर नोंदवावा, कारण पुढची तपासणी कुठे करायची हे ठरवताना अशा नोंदी विचारात घेतल्या जातात.