मादी म्हणून विकलेला नर: पहिला टॅरँटुला घेताना झालेली फसवणूक

टॅरँटुला, म्हणजे मोठा केसाळ कोळी, पहिल्यांदाच पाळू पाहणाऱ्या माणसाला गंडवण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे आयुष्य संपत आलेला नर ‘पूर्ण वाढलेली मादी’ म्हणून त्याच्या गळ्यात मारणे. आम्ही इंग्लंडमध्ये राहतो आणि मुलीसाठी घेतलेल्या पहिल्याच कोळ्याच्या बाबतीत आमची नेमकी अशीच फसवणूक झाली. पुढच्या घराला हा मनस्ताप होऊ नये म्हणून सगळे तपशिलाने लिहीत आहे.

मुलीने निवडलेली जात मेक्सिकन रेड नी, म्हणजे ब्रॅकिपेल्मा हॅमोरी. हा कोळी पूर्वी ‘स्मिथी’ या नावानेच विकला जाई. २०१७ मध्ये संशोधकांनी हॅमोरी आणि स्मिथी या दोन जाती वेगळ्या ठरवल्या, तरी जुने नाव अजून जाहिरातींत दिसते. काळे अंग, पायांच्या सांध्यांवर केशरी पट्टे आणि एकंदरीत शांत स्वभाव यांमुळे नवख्यांना बहुतेक जण हीच जात सुचवतात. हिची मादी वीस वर्षांहून अधिक जगू शकते. नर मात्र शेवटची कात टाकून वयात आला की त्यानंतर साधारण वर्षभराचाच सोबती असतो. किमतीतही त्यामुळे जमीन-अस्मानाचा फरक असतो, आणि सारा डाव त्या फरकावरच चालतो. आमच्याकडून १४० पौंड घेतले गेले.

जाहिरातीतील सर्व छायाचित्रे वरून काढलेली होती आणि कोळ्याचे पुढचे पाय दगडाआड गेलेले होते. पैसे पेपाल या ऑनलाइन सेवेवर ‘मित्र आणि कुटुंब’ या पर्यायाने पाठवले तर शुल्क वाचेल आणि तेवढी सवलत मिळेल, असे विक्रेत्याने सुचवले. या पर्यायाने दिलेल्या पैशांना पेपालचे खरेदीदार-संरक्षण लागू होत नाही. अनोळखी विक्रेता हा पर्याय पुढे करत असेल, तर व्यवहार तिथेच थांबवावा.

ओलसर टिश्यूत गुंडाळलेला कोळी आला तेव्हा तो लांब, काटकुळ्या पायांचा आणि लहानशा पोटाचा होता. त्याने खाल्ले काहीच नाही आणि रात्र-रात्र तो काचेच्या कडेने येरझारा घालत राहिला. एका रात्री तो काचेवर चढलेला असताना मुलीने खालच्या बाजूने टॉर्च धरला, तेव्हा पुढच्या दोन्ही पायांच्या आतल्या बाजूला, मधल्या सांध्यापाशी, बारीक काळे आकडे स्पष्ट दिसले. आणि तोंडाजवळच्या पेडिपॅल्प नावाच्या आखूड अवयवांची टोके मुठी वळल्यासारखी फुगलेली होती. या जातीत ही दोन्ही चिन्हे फक्त वयात आलेल्या नराची. आकडे मीलनाच्या वेळी मादीचे विषदंत अडवून धरण्यासाठी असतात, तर पेडिपॅल्पच्या टोकांशी वीर्य साठवण्याची व्यवस्था असते. रात्रीच्या येरझारा हा मादीचा शोध होता आणि अन्नावरची वासना उडणे हेही या वयातल्या नरांत नेहमीचे आहे.

आम्ही विचारले तेव्हा विक्रेत्याने शांतपणे उत्तर दिले की मादी कात टाकण्याच्या तयारीत आहे, दोन महिने वाट पाहा. कात टाकण्याआधी टॅरँटुला खाणे सोडतो हे खरेच असल्यामुळे हे उत्तर नवख्याला पटते. पण वयात आलेला नर सहसा पुन्हा कात टाकत नाही. शिवाय ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यानुसार, व्यापाऱ्याकडून घेतलेली वस्तू वर्णनाप्रमाणे नसेल तर ती परत करून पूर्ण पैसे मागण्याचा पहिला हक्क ३० दिवसांचा असतो. दोन महिन्यांचा सल्ला त्या मुदतीच्या बरोबर पलीकडे जात होता. आम्ही मुदतीत लेखी तक्रार केली, तेव्हा आपण व्यापारी नसून हौशी आहोत असे त्याने कळवले आणि पुढे उत्तरच दिले नाही. पैसे परत मिळाले नाहीत. काही महिन्यांत कोळी मेला, आणि मुलीला झालेले दुःख मला पैशांपेक्षा जास्त सलते.

त्याच व्यवहारात आमच्या माथी मारलेले सामानही सांगायला हवे, कारण त्याने प्राण्याच्या जिवाला धोका होता. उंच काचेची टाकी, तळाखाली ठेवायची तापपट्टी आणि पाण्याच्या भांड्यात घालायचा स्पंज. जमिनीवर राहणारा हा जड कोळी उंचावरून पडला तर त्याचे पोट फुटू शकते. म्हणून टाकी आडवी हवी आणि कोकोपीटचा, म्हणजे नारळाच्या भुशाचा, थर इतका जाड हवा की मातीपासून झाकणापर्यंतचे अंतर पायांच्या पसाऱ्याच्या दीडपटीच्या आसपास राहील. उकाडा झाला की कोळी जमीन उकरून खाली जातो, आणि पट्टी तळाला असेल तर तिथेच अधिक तापतो. आपल्याला सोसेल ती खोलीची ऊब त्यालाही पुरते. स्पंजात फक्त घाण आणि जंतू वाढतात. साधी पाण्याची वाटी पुरेशी आहे.

इंग्लंडमध्ये पाळीव प्राणी विकण्याचा परवाना पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांसाठीच लागतो, त्यामुळे केवळ कोळी विकणाऱ्याकडे कोणीही परवाना मागत नाही. सगळी तपासणी घेणाऱ्यालाच करावी लागते. मादी म्हणून जास्त किंमत सांगितली जात असेल, तर टाकलेल्या कातीच्या आतील बाजूचे छायाचित्र मागावे; मादीचा वीर्यकोश (मीलनात मिळालेले वीर्य साठवणारी पिशवी) कातीबरोबर बाहेर पडतो आणि जाणकाराला तो तीत ओळखता येतो. त्याच कोळ्याचे, त्या दिवशीची तारीख लिहिलेल्या कागदाशेजारी काढलेले, पुढचे पाय दिसणारे छायाचित्रही मागावे. ‘माझ्या अनुभवावरून मादीच आहे’ हे उत्तर स्वीकारू नये. प्रामाणिक प्रजननकर्ते लहान पिल्लू ‘लिंग न ठरवलेले’ असेच लिहून स्वस्तात देतात, आणि दुसऱ्या वेळी आम्ही तसेच घेतले.

भारतातील वाचकांसाठी एक गोष्ट वेगळी सांगायला हवी. ब्रॅकिपेल्मा प्रजाती वन्यजीवांच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात असल्यामुळे, वन्यजीव कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनंतर अशा प्राण्यांची नोंद सरकारकडे करावी लागते. ‘कोळी आधी घ्या, कागद मागाहून देतो’ असे म्हणणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ देऊ नका.