टीडब्ल्यूआरपी, आठ महिन्यांनंतर: बूटलूप, व्हीबीमेटा आणि खाऱ्या हवेतला चार्जिंग पोर्ट

फोन रेडमी नोट ९ प्रो, बूटलोडर (फोन सुरू करणारा पहिला प्रोग्राम) अनलॉक, त्यावर टीडब्ल्यूआरपी, म्हणजे कंपनीच्या रिकव्हरीच्या (दुरुस्ती आणि अपडेटच्या मोडच्या) जागी बसणारी, बॅकअप वगैरे घेऊ देणारी रिकव्हरी. ती टाकल्या टाकल्या बूटलूप आला, म्हणजे फोन पूर्ण सुरू न होता पुन्हा पुन्हा रीस्टार्ट होत राहिला, तेव्हा हे सॉफ्टवेअर एका ताऱ्याच्याही लायकीचं वाटलं होतं. आज चार तारे देतोय. पाचवा अडलाय तो काही केबीच्या एका फाइलपायी, आणि त्याबद्दल मी खाली सविस्तर बोलणार आहे. 

लूप आला की आधी तो कुठल्या जातीचा आहे ते बघा. लोगो येतो, फोन थरथरतो, काळा होतो, पुन्हा लोगो, असं चाललं असेल तर गाडी पडताळणीपाशीच अडली आहे. लोगो ओलांडून ॲनिमेशन सुरू होतं आणि पंधरा-वीस मिनिटं तेच फिरत राहतं, तर सिस्टीम किंवा डेटाचं एन्क्रिप्शन यांत घोळ आहे. आणि काहीही केलं तरी फोन टीडब्ल्यूआरपीच्याच पडद्यावर परत येत असेल, तर बहुतेक वेळा मिस्क नावाच्या पार्टिशनमध्ये (स्टोरेजच्या एका वेगळ्या छोट्या भागात) 'रिकव्हरीत जा' असा निरोप अडकून राहिलेला असतो. अधिकृत अपडेट चुकून सुरू झालं की हमखास असं होतं. फोन अपडेट बसवायला रिकव्हरीत येतो, तिथे कंपनीची रिकव्हरी नसते, काम अर्धवट राहतं. त्यावर फास्टबूटमधून (फोन केबलने लॅपटॉपला जोडून आज्ञा द्यायच्या मोडमधून) मिस्क इरेझ केलं की सुटका. डेव्हलपर ऑप्शन्समधलं 'ऑटोमॅटिक सिस्टीम अपडेट्स' पहिल्याच दिवशी बंद करा.

लोगोवाल्या लूपचं मूळ सहसा व्हीबीमेटात असतं. अँड्रॉइड ८ पासून आलेल्या व्हेरिफाइड बूटच्या नव्या आवृत्तीत या छोट्या पार्टिशनात बूट, रिकव्हरी, सिस्टीम वगैरेंच्या पडताळणीच्या खुणा ठेवलेल्या असतात. आपण त्यातलं काही बदललं की हिशेब जुळत नाही. बूटलोडर अनलॉक असेल तर बरेच फोन नुसता इशारा देऊन पुढे जातात, काही जात नाहीत.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लूप आला म्हणजे फोटो गेले असं नाही. दुकानात 'बोर्ड गेला' किंवा 'सगळं उडवावं लागेल' असं सांगितलं जातं. ते ऐकून घाईने फॉरमॅट करू नका. फोनमध्ये जी रॉम (पूर्ण सिस्टीम) आहे, अगदी त्याच आवृत्तीच्या बूट, रिकव्हरी आणि व्हीबीमेटा या तीन मूळ इमेज (त्या त्या पार्टिशनच्या फाइली) फास्टबूटमधून परत लिहा. सिस्टीमला हात लागला नसेल तर फोन डेटासकट उठतो. आवृत्ती तीच हवी, कारण एन्क्रिप्शनच्या किल्ल्या अँड्रॉइडची आवृत्ती आणि सिक्युरिटी पॅच यांच्याशी बांधलेल्या असतात. जुनी बूट इमेज टाकली तर फोन सुरू होऊनही डेटा उघडत नाही.

माझी तक्रार इथेच आहे. टीडब्ल्यूआरपी टाकण्याच्या सूचनांमध्ये व्हीबीमेटाचा उल्लेख असतो, पण 'ही फाइल आधीच काढून ठेवा' हे कुणी ठळक लिहीत नाही. लूप आल्यावर त्या काही केबींसाठी दोन जीबीहून मोठं रॉमचं पॅकेज उतरवावं लागतं. ज्यांच्या घरी फायबर आहे त्यांना हे किरकोळ वाटेल. ज्या वाडीत रेंजसाठी सड्यावर चढावं लागतं आणि पॅक दिवसाला दीड जीबीचा आहे, तिथे हे दोन दिवसांचं काम आहे, आणि दुसऱ्या कुणाचा तरी फोन हॉटस्पॉटला अडकवून ठेवायचा तो वेगळाच. त्यात डाउनलोड मध्येच तुटलं आणि झिप अर्धवट उतरली तर पुन्हा पहिल्यापासून. तुटलेलं डाउनलोड पुढे चालू ठेवणारा डाउनलोडर वापरा आणि शेवटी चेकसम (फाइल पूर्ण उतरली का ते ओळखायचा आकडा) जुळवून बघा. खरं तर फोन धड असतानाच पॅकेज उतरवून त्यातल्या या तीन फाइली लॅपटॉपवर आणि एका पेनड्राइव्हवर ठेवायच्या.

प्रत्यक्ष क्रम असा. लूपमधला फोन बंद होत नाही, म्हणून पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन एकत्र दाबून धरा. पडदा काळा होऊन फास्टबूट अशी अक्षरं आली की सोडा. लॅपटॉपवर 'फास्टबूट डिव्हायसेस' लिहून सिरियल नंबर दिसतो का बघा. मूळ तीन इमेज लिहून फोन उठवा, फोटो आणि व्हॉट्सॲपचा बॅकअप बाहेर काढा. मग पुन्हा टीडब्ल्यूआरपीच्या मागे लागा. या वेळी व्हीबीमेटा लिहिताना आज्ञेत डिसेबल-व्हेरिटी आणि डिसेबल-व्हेरिफिकेशन हे दोन्ही पर्याय द्या, मग रिकव्हरी लिहा. त्यानंतर 'रीबूट' ही आज्ञा देऊ नका. पॉवर आणि व्हॉल्यूम अप दाबून थेट रिकव्हरीत शिरा. एकदा जरी फोन सरळ सुरू झाला तरी मूळ रॉम आपली रिकव्हरी परत बसवू शकते, आणि 'टाकलं होतं, कुठे गेलं?' हा प्रश्न पडतो.

रिकव्हरीत गेल्यावर पॅटर्न किंवा पिन विचारला तर उत्तम. इंटरनल स्टोरेज ० एमबी दिसलं किंवा फोल्डरांची नावं अगम्य अक्षरांची दिसली, तर टीडब्ल्यूआरपीला एन्क्रिप्शन उघडता आलेलं नाही. तिथे नुसतं वाइप करून उपयोग नाही, फॉरमॅट डेटामध्ये जाऊन 'यस' टाइप करावं लागतं आणि त्यात सगळं जातं. म्हणून फोटो आधी.

हे सगळं रेडमी नोट ९ प्रोसारख्या, वेगळं रिकव्हरी पार्टिशन असलेल्या फोनबद्दल. ए/बी स्लॉटच्या (सिस्टीमच्या दोन प्रती ठेवणाऱ्या) अनेक फोनांत रिकव्हरी बूट इमेजच्या आतच असते. तिथे टीडब्ल्यूआरपीची इमेज कायमची बूटवर लिहिली की मूळ कर्नल (सिस्टीमचा गाभा) जातो आणि लूप ठरलेलाच. अशा फोनवर 'फास्टबूट बूट' वापरून ती तात्पुरती चालवायची. आणि मी-फ्लॅश या शाओमीच्या कॉम्प्युटरवरच्या प्रोग्रामने पूर्ण रॉम टाकायची वेळ आलीच तर खाली 'क्लीन ऑल अँड लॉक' निवडलेलं असतं, ते बदलून फक्त 'क्लीन ऑल' करा. दुसऱ्या प्रदेशाची रॉम टाकून बूटलोडर लॉक झाला तर साध्या लूपचा मोठा आजार होतो.

सहा महिन्यांनी माझं एक मत बदललं. 'राइट टू डिव्हाइस फेल्ड' ही चूक आधी टीडब्ल्यूआरपीची किंवा ड्रायव्हरची वाटायची. किनाऱ्यालगत तिचं कारण बहुतेक वेळा चार्जिंग पोर्ट असतो. टॉर्च मारून बघा: टाइप-सी पोर्टच्या मधल्या जिभेवर सोनेरी पट्ट्यांच्या कडेला हिरवट-पांढरा थर दिसेल. ती खाऱ्या दमट हवेची करामत. चार्जिंगच्या पट्ट्या बऱ्या असतात म्हणून फोन चार्ज होतो, पण डेटाच्या पट्ट्यांवर संपर्क तुटतो आणि रिकव्हरी अर्धीच लिहिली जाते. भिजलेला फोन तांदळाच्या पिंपात पुरून ठेवण्याची सवय याला आणखी हातभार लावते, कारण तांदळाचा कोंडा पोर्टच्या तळाशी बसतो. फोन बंद करून, लाकडी टूथपिक तासून पातळ करा, टोकाला आयसोप्रोपिल अल्कोहोलचा एक थेंब लावा आणि जिभेच्या दोन्ही बाजूंनी हलक्या हाताने फिरवा. सुई किंवा सेफ्टीपिन नको, पट्ट्या उचकटतात. अर्धा तास सुकू द्या. तरीही चूक आली तर यूएसबी ३ ऐवजी यूएसबी २ चा पोर्ट घ्या. रायझन प्रोसेसरच्या काही लॅपटॉपवर मध्ये एक साधा यूएसबी २ हब लावल्याने काम झालेलं आहे.

लिहिताना केबल निसटली तरी घाबरू नका. रिकव्हरी अर्धी लिहिली गेली तरी फास्टबूट वेगळ्या पार्टिशनात असतं, ते शाबूत राहतं. तीच आज्ञा पुन्हा द्या. मात्र मिरगात वीज कधीही जाते, म्हणून हे काम डेस्कटॉपवर न करता चार्ज केलेल्या लॅपटॉपवर करा आणि फोनची बॅटरी ६० टक्क्यांवर ठेवा. लूपमध्ये ती भराभर उतरते.

चार तारे कशाचे? आठ महिन्यांत बॅकअपने निभावून नेलं. ओटीजी लावून पेनड्राइव्हवर बूट, डेटा आणि ईएफएस घेता येतं, आणि ईएफएस म्हणजे आयएमईआय (फोनचा ओळख क्रमांक) जिथे असतो तो भाग, ते एकदा तरी घ्याच. फक्त डेटाच्या बॅकअपमध्ये इंटरनल स्टोरेजचे फोटो येत नाहीत, ते वेगळे कॉपी करायचे. काही बँकांची ॲप अनलॉक बूटलोडरवर चालत नाहीत, तेव्हा ज्या फोनवर यूपीआयचा सगळा व्यवहार आहे त्यावर हा खटाटोप नको. जुना, पावसाळ्यात कपाटात पडून राहणारा फोन घ्या, आणि त्या तीन फाइली आधी काढून ठेवा.