आजोबांचा नेमणुकीचा कागद आणि माझे ३४,५४९ रुपये

एकतीस वर्षं बँकेत दुसऱ्यांच्या सह्या तपासल्या आणि निवृत्त झाल्यावर एका बनावट कागदाला चौतीस हजार पाचशे एकोणपन्नास रुपये मोजले. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

आजोबा दुसऱ्या महायुद्धात मराठा लाइट इन्फंट्रीत होते, इटलीत लढले. घरात त्यांचं इटली स्टार पदक आणि एक फोटो, एवढंच. कागदांची ट्रंक १९६१ च्या पानशेतच्या पुरात गेली. १९४३ साली ते जमादार झाले, व्हाइसरॉयचं कमिशन (म्हणजे हिंदी सैनिकाला मिळणारी अधिकारीपदाची नेमणूक) मिळालं, तो कागद एकदा बघायचा हा आमच्या आत्याचा ध्यास. आत्या नव्वदीला टेकलेली. मग मी तरी काय करणार होतो?

जुन्या बाजारात पदकं चाळताना तो भेटला. बोलायला गोड, बटालियनची नावं तोंडपाठ. 'काका, दिल्लीत आपला आतला माणूस आहे.' शोधाची फी ३,५००. आठ दिवसांनी फाइल सापडली, पण म्हणे लंडनला. प्रमाणित प्रतीचे ९,८००. मग व्हॉट्सॲपवर स्कॅन आला. पिवळट कागद, काळी शाई, नाव बरोबर, गाव बरोबर. (गाव मीच सांगितलं होतं, हे नंतर आठवलं.)

तो स्कॅन मी आत्याला दाखवला. तिने भिंग लावून मोबाइल डोळ्यांशी धरला, बोट एका शब्दावर ठेवलं आणि म्हणाली, "हे नायब सुभेदार काय रे? आमचे तात्या जमादार होते."

आणि मी शहाणा! तिला समजावत बसलो की जमादारालाच आता नायब सुभेदार म्हणतात. खरंच म्हणतात, पण १९६५ पासून. १९४३ च्या कागदावर ते पद येईलच कसं? ही माहिती माझ्या डोक्यात होती, तोंडातून बाहेर पडली, तरी ट्यूब पेटली नाही. उलट आत्यालाच गप्प केलं. पैशांपेक्षा हे जास्त टोचतं.

त्याच संध्याकाळी 'मूळ कागदाच्या कस्टम'चे १६,२५० भरले. चार दिवसांनी 'लष्कराच्या ना-हरकती'चे ४,९९९. मग नंबर बंद. भाच्याने स्कॅन मोठा करून पाहिला आणि खो खो हसत सुटला. "मामा, शिक्क्यावर अशोकस्तंभाचे सिंह आहेत! १९४३ ला?" ती राजमुद्रा १९५० ची. माझा चष्मा कुठे होता, विचारू नका.

चौकीत गेलो तर म्हणाले सायबरकडे जा. सायबरवाले म्हणाले, पहिले पैसे रोख दिलेत, ते चौकीचं काम. बँक म्हणते एफआयआरची प्रत आणा, चौकी म्हणते आधी बँकेचं पत्र आणा. ज्या बँकेत जन्म घालवला तिथे टोकन घेऊन दोन तास बसलो, आणि नातवाच्या वयाचा पोरगा मला म्हणतो, "सर, पेमेंट तुम्ही स्वतःच केलंय ना?" एका हवालदाराने विचारलं, "आजोबा वारले कधी?" म्हटलं, १९८१. "मग आता कशाला पाहिजे कागद?" अर्ज तीन वेळा लिहून घेतला. तिसऱ्यांदा तक्रारीच्या विषयात 'जुनी कागदपत्रे हरवणे' असं घातलं. हरवणे! दीड महिना झाला, पोच म्हणून एक शिक्का मिळाला. त्यावरचे सिंह तेवढे खरे.

पैसे गेले की त्याच मिनिटाला १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइन नंबरला फोन करा; मी लाजेपायी नऊ दिवस गप्प बसलो. गाव, बटालियन, साल आपणहून कुणाला सांगू नका, आधी त्याच्याकडून वदवून घ्या. राष्ट्रीय अभिलेखागाराची सूची 'अभिलेख पटल' या संकेतस्थळावर घरबसल्या शोधता येते. लंडन गॅझेटचे, म्हणजे ब्रिटिश सरकारच्या राजपत्राचे, जुने अंक नेटवर फुकट आहेत. मराठा रेजिमेंटचं केंद्र बेळगावला आहे, पत्र लिहायला टपालाचा खर्च येतो, १६,२५० नाही. आणि घरातली म्हातारी माणसं काही म्हणाली तर ऐका.

काल दुपारी एकाचा फोन आला. माझे अडकलेले पैसे परत मिळवून देतो म्हणाला, फी फक्त १,९९९. त्याला माझा आकडा पाठ होता, वरच्या एकोणपन्नास रुपयांसकट.